मोत्यांच्या नदीकाठी, लेकीचे बोट धरून

चीनच्या दक्षिणेला चू च्यांग, म्हणजे मोत्यांची नदी वाहते. तिच्या काठी क्वांगचौ नावाचे मोठे शहर आहे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी शाळेत त्याचे नाव कँटन असे पाठ केले असेल. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १ कोटी ८० लाखांच्या वर भरली. व्यापारासाठी येथे जगभरचे लोक येतात. १९५७ पासून भरणारी येथील व्यापारी जत्रा तर प्रसिद्धच आहे. आपल्याकडचे कापडवाले, खेळणीवाले, विजेच्या सामानाचे दुकानदार माल घ्यायला येथे जातात. आम्ही मात्र माल घ्यायला गेलो नव्हतो. २०१० सालच्या मार्च महिन्यात आम्ही नवरा-बायको या शहरात गेलो ते आमची लेक घरी आणायला.

आम्ही मूळचे नागपूरचे. आमच्यापैकी एकाचे वडील गिरणीत कामगार, दुसरीचे वडील रेल्वेत खलाशी. शिकलो, नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सीला गेलो आणि तेथेच स्थिरावलो. लग्नाला बारा वर्षे झाली तरी मूल नव्हते. दत्तक घ्यायचे ठरले तेव्हा नात्यातून पहिला प्रश्न आला तो आपल्या ओळखीचाच, "कोणाचे मूल? काय जातीचे?" ज्यांनी जातीचे चटके सोसले त्यांच्याही तोंडी तो यावा याचे वाईट वाटले. त्याचे उत्तर आमच्या घरातल्या म्हातारीनेच देऊन टाकले. फोनवर ती म्हणाली, "जोतीबानं यशवंताले पोटाशी धरलं तवा इचारली व्हती काय त्याची जात? घेऊन या लेकराले." जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात आईच्या खांद्याला खांदा लावून रोग्यांसाठी राबला, हे तिला तोंडपाठ होते.

क्वांगचौलाच का जावे लागले?

चीनने १९९२ साली कायद्याने परदेशी पालकांना मुले दत्तक द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून १ लाख ६० हजारांहून जास्त चिनी मुले परदेशी घरांत गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक अमेरिकेत. २००५ या एकाच वर्षी ७ हजार ९०० च्या आसपास मुले अमेरिकेत आली. त्यांत मुलीच फार. दत्तकाची नोंद मूल ज्या प्रांतातले त्या प्रांतात होई, पण अमेरिकेचा व्हिसा मात्र क्वांगचौच्या वकिलातीतूनच मिळे. त्यामुळे मूल चीनच्या कुठल्याही कोपऱ्यातले असो, नवे आई-बाप त्याला घेऊन एकदा या शहरात येतच. एक आठवडा, दहा दिवस राहत. कागद होईपर्यंत दुसरे काम नसे. मग करायचे काय? मुलाला कडेवर घ्यायचे आणि शहर पाहायचे. हजारो मुलांनी आपल्या नव्या आई-बापांची ओळख अशी या शहराच्या फुटपाथवर करून घेतली.

आमची लेक याच क्वांगतुंग प्रांतातली, याच शहरात सापडलेली. तेव्हा ती तीन वर्षांची होती. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेला. ओठाचे ऑपरेशन संस्थेने करून घेतले होते, टाळूचे बाकी होते. सरकारी कार्यालयातल्या एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईंनी तिला आणून उभे केले. अंगात एकावर एक तीन स्वेटर, हातात बिस्किटाची पिशवी. बाई वळून गेल्या आणि पोरीने जो टाहो फोडला तो हॉटेलात पोहोचेपर्यंत थांबला नाही. लोक दत्तकाच्या दिवसाला आनंदाचा दिवस म्हणतात. आमच्यासाठी तो होताच. पण तिच्यासाठी तो दिवस ओळखीचे सगळे जग सुटण्याचा होता, हे त्या रडण्याने आम्हाला पहिल्याच तासात शिकवले.

शामियान बेट

आमचा मुक्काम शामियान बेटावर होता. बेट म्हणजे अर्धे नदीत आणि अर्धे शहरात असलेला चिमुकला तुकडा. मधे एक अरुंद कालवा आणि त्यावर पूल. तासाभरात सगळे फिरून होते. जुन्या दगडी इमारती, मोठमोठे वड, सावलीत पत्ते खेळणारे म्हातारे. बेटाच्या टोकाला १९८३ साली उघडलेले व्हाइट स्वान नावाचे उंच हॉटेल. अमेरिकेची वकिलात पूर्वी त्याच्या शेजारीच होती, म्हणून दत्तक मुलांची कुटुंबे या हॉटेलात आणि आसपास उतरत. आम्ही गेलो तेव्हा व्हिसाचे काम शहराच्या तियेनहे भागात गेले होते, तरी मुलांची डॉक्टरी तपासणी बेटावरच होई, आणि कुटुंबांची वर्दळही तेथेच असे.

त्यामुळे बेटावरची सगळी दुकाने या मुलांवरच चालत. कपडे धुऊन देणारे, फोटोवाले, नाव कोरून शिक्के बनवणारे, लाल रेशमी झबली विकणाऱ्या बायका. मुलांच्या ढकलगाड्या दुकानदार फुकट वापरायला देत, म्हणजे गिऱ्हाईक परत दुकानात येई. आणि बूट! चालताना पी-पी वाजणारे. आपल्याकडे जत्रेत मिळतात तेच. सकाळी त्या वडांखालून पाच-दहा पोरे पी-पी करत धावू लागली की डोळे मिटून एखाद्या यात्रेत उभे असल्यासारखे वाटे. आमच्या लेकीला तांबडे घेतले. पहिल्या पावलाला ती दचकली. दुसऱ्या पावलाला तिने खाली पाहिले. तिसऱ्यानंतर दिवसभर ती चालतच राहिली.

व्हाइट स्वानमध्ये एक रिवाज होता. घरी जायच्या आधी सगळ्या कुटुंबांनी आपापली मुले लाल सोफ्यावर ओळीने बसवायची आणि फोटो काढायचा. आमच्या लेकीच्या रांगेत सात मुले होती. कोणी रडत होते, कोणी शेजाऱ्याचा बूट ओढत होते. आमची मात्र कडेला ताठ बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे समोर. रांगेत कसे बसायचे हे तिला चांगले शिकवलेले होते. तो फोटो आजही घरात आहे. पाहुणे म्हणतात, किती शहाणी पोर. आम्ही काही बोलत नाही.

हे बेट आज शांत दिसते, पण त्याचा इतिहास शांत नाही. अफूच्या युद्धांनंतर १८६१ च्या सुमारास इंग्रज आणि फ्रेंच यांनी ते आपल्या वस्तीसाठी घेतले. चिन्यांच्याच देशात, चिन्यांच्याच नदीत, पण चिनी माणसाला येथे मोकळेपणी यायची परवानगी नव्हती. रात्री पुलांचे दरवाजे बंद होत. २३ जून १९२५ रोजी कालव्यापलीकडून कामगार-विद्यार्थ्यांचा मोर्चा चालला असता बेटावरून परदेशी सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पन्नासहून जास्त माणसे मेली. कालव्याकाठच्या रस्त्याला आज 'सहा-दोन-तीन रस्ता' म्हणतात, म्हणजे सहाव्या महिन्याची तेवीस तारीख. पाण्याला आणि रस्त्याला मज्जाव म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्या पुलावरून आमची लेक पी-पी करत गेली तेव्हा तिला कोणी अडवले नाही, याचे आम्हाला फार बरे वाटले.

पेज, चहा आणि 'आयी'

मूल नवे असले की पहिला प्रश्न पोटाचा. या शहराने तो सोपा केला. येथे सकाळी लोक 'जोक' खातात. तांदूळ भरपूर पाण्यात फुटेपर्यंत शिजवलेला; म्हणजे आपली पेजच. वर कांद्याची पात, मासा किंवा शेंगदाणे. टाळू दुभंगलेल्या मुलाला घट्ट खाणे अवघड जाते, नाकावाटे बाहेर येते. पेज मात्र ती दोन वाट्या खाई. वाटी खाली ठेवताना आत शीत राहिले नाही ना, हे बोटाने पाहून घेई.

दुपारी चहाघरे भरतात. चहाबरोबर वाफेच्या लहान लहान टोपल्यांतून पदार्थ येतात, कोळंबीची पारी इतकी पातळ की आतला रंग दिसावा. आधी कपबशा गरम चहाने धुवायच्या. कोणी आपल्या कपात चहा ओतला तर तोंडाने काही न बोलता दोन बोटे टेबलावर टकटक करायची, म्हणजे आभार. आमच्या लेकीला ही टकटक येत होती. तिने आमच्याशी केलेले पहिले बोलणे तेच. कपात चहा ओतला, तिने इवली दोन बोटे आपटली. आम्हीही आपटली. मग अर्धा तास आम्ही तिघे एकमेकांचे आभारच मानत बसलो.

शब्दांचे मात्र वेगळेच झाले. आम्ही तिला 'आई' शिकवत होतो. ती लगेच म्हणाली, अगदी स्पष्ट. आम्हाला कोण आनंद! आमच्याबरोबर दुभाषी म्हणून एक बाई होत्या, त्या क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी सांगितले की चिनी भाषेत 'आयी' म्हणजे मावशी, आणि संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मुले 'आयी'च म्हणतात. उच्चार जवळजवळ तोच.

वाचक भगिनींनो, विचार करा. आपल्या भाषेतला सगळ्यात मोठा शब्द, आणि त्या पोरीच्या लेखी त्याचा अर्थ होता पाळी संपली की निघून जाणारी बाई. दिवसाची आयी जाते, रात्रीची येते. चांगल्या असतात, भरवतात, नाक पुसतात, पण जातात. म्हणूनच ती संध्याकाळी दिवे लागले की दाराकडे बघत बसे. ती आमच्यातल्या आईची पाळी संपायची वाट बघत होती.

दुभाषी बाई म्हणाल्या, 'मामा' शिकवा, चिनी भाषेत आईला तेच म्हणतात. पण आपल्याकडे मामा म्हणजे कोण हे सांगायला नको! शेवटी आम्ही ठरवले की शब्द आईच ठेवायचा, अर्थ बदलायचा. त्या दिवसापासून आमच्यातली आई तिला टाकून औषधाच्या दुकानातसुद्धा गेली नाही. रात्री पोर दचकून उठे, हात लांबवून चाचपून बघे. हात लागला की पुन्हा झोपे. हे किती रात्री चालले? क्वांगचौच्या सगळ्या रात्री, आणि नंतर न्यू जर्सीत वर्षभर.

सावर फुलली होती

मार्चमध्ये या शहरात दमट वारा सुटतो. भिंतींना आणि फरशीला घाम फुटतो, कपडे वाळत नाहीत. पण याच दिवसांत रस्त्याकडेची झाडे पान नसलेल्या फांद्यांवर लालभडक फुलांनी पेटतात. पाहतो तर आपली काटेसावर! हीच या शहराची मानाची फुले. म्हाताऱ्या बायका सकाळी पडलेली फुले वेचून वर्तमानपत्रावर वाळत घालतात. काढ्यात आणि सूपात घालायला. आमच्या लेकीनेही खाली बसून एकेक फूल उचलले आणि आमच्या पिशवीत भरले. संस्थेत तिचे स्वतःचे असे काही नव्हते, म्हणून ती पिशवी तिने कोणाला धरू दिली नाही.

फिरताना लोक थांबून बघत. सावळे आई-बाप आणि गोरी चिनी पोर हे गणित त्यांना सुटत नसे. दुभाषी बाईंनी सांगितले की लोक आधी तोंड भरून हसत आणि "हौ मेंग" म्हणत, म्हणजे पोर नशीबवान. आम्ही सांगत असू की नशीब आमचे. म्हाताऱ्या बायका मात्र सरळ येऊन पोरीची बाही खाली ओढत, गळ्याशी बटण लावत आणि आम्हाला दटावत, एवढ्या वाऱ्यात पोराला असे आणतात का? भाषा कळत नव्हती, पण बोलणी कळत होती. आमच्या गल्लीतल्या आत्याबाई हेच बोलल्या असत्या.

युएश्यू बागेत पाच बोकडांचा दगडी पुतळा आहे, १९५९ साली उभारलेला. दंतकथा अशी की दुष्काळ पडला असता पाच देवपुरुष पाच बोकडांवर बसून आले आणि त्यांनी लोकांना भाताची कणसे दिली. तेव्हापासून हे शहर उपाशी राहिले नाही. कथा ती कथा. पण ज्या शहराला आपल्या खुणेसाठी राजाची तलवार नव्हे, भाताची लोंबी आठवते, ते शहर गरिबाच्या मनातले आहे.

बोधिवृक्षाखाली

या शहराशी आपले जुने नाते आहे. भारतातून समुद्रमार्गे निघालेला बोधिधर्म सहाव्या शतकात याच किनाऱ्यावर उतरला असे परंपरा सांगते. तेथे आज ह्वालिन विहार आहे. जवळच क्वांगश्याओ विहार, आणि त्याच्या अंगणात पिंपळ. त्याचे मूळ रोप भारतीय भिक्षूने आणले होते असे सांगतात.

या पिंपळाखाली ६७६ साली ह्वेनंग नावाच्या माणसाचे केशवपन झाले. हा ह्वेनंग कोण? बाप लहानपणीच गेलेला, आईबरोबर राहून लाकडाच्या मोळ्या विकणारा, अक्षरओळख नसलेला दक्षिणेकडचा गरीब. तो उत्तरेत गुरूंकडे गेला तेव्हा त्यांनी विचारले, तू दक्षिणेतला रानटी, तू बुद्ध कसा होणार? ह्वेनंगने उत्तर दिले की माणसांना दक्षिण-उत्तर असते, बुद्ध होण्याच्या शक्तीला ती नसते. त्याला आश्रमात भात कांडायच्या कामाला लावले. पुढे तोच ध्यान परंपरेचा सहावा आचार्य झाला आणि आज चीनभर त्याचे नाव आहे. एका मोळीविक्याच्या केसांवर तेथे स्तूप उभा आहे, हे पाहून आम्ही बराच वेळ त्या अंगणात बसलो.

दत्तक मुलांची कुटुंबे मात्र जास्त करून लियुरोंग, म्हणजे सहा वडांच्या विहारात जात. ५३७ साली स्थापन झालेला हा विहार, मध्ये उंच नक्षीदार पॅगोडा. १९९० नंतर येथे एक प्रथाच पडली. अमेरिकन आई-बाप मुलाला घेऊन गुडघे टेकत, भिक्षू सूत्रपठण करून मुलाला आशीर्वाद देत. बहुतेकांना त्यातला शब्द कळत नसे. आम्हालाही चिनी कळत नव्हते, पण बुद्धमूर्तीसमोर कसे बसायचे ते कळत होते. आम्ही नवस बोललो नाही, काही मागितले नाही. हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हटले. लेक आमच्या तोंडाकडे बघत होती. भिक्षूंनी हात जोडले तसे तिने जोडले.

तेथे आम्हाला सोपाक आठवला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याची कथा दिली आहे. आई मेली असे समजून तिला स्मशानात नेले. तेथे मूल जन्मले आणि आई गेली. ते मूल स्मशानाच्या रखवालदाराने आपल्या पोराबरोबर वाढवले. पुढे तथागतांनी त्याला संघात घेतले. त्या रखवालदाराचे नाव कथेत नाही. पण त्याने ते मूल उचलले नसते तर सोपाकाची कथाच झाली नसती.

भाजीबाजाराचे फाटक

आमच्या हातात लेकीच्या आयुष्याच्या सुरुवातीचा एकच कागद होता. त्यात लिहिले होते की २००६ च्या डिसेंबरात, एका भाजीबाजाराच्या फाटकाशी, सुमारे दहा दिवसांची मुलगी सापडली. बरोबर जन्मतारखेची चिठ्ठी. नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ६० दिवसांत कोणी आले नाही. नाव संस्थेने ठेवले, आडनावही संस्थेचे, तेथल्या बहुतेक मुलांना तेच.

निघायच्या दोन दिवस आधी आम्ही तो बाजार पाहायला गेलो. दुभाषी बाई आधी नको म्हणत होत्या. आम्ही म्हटले, ती मोठी झाल्यावर विचारील तेव्हा आम्हाला सांगता आले पाहिजे.

बाजार आपल्या कुठल्याही बाजारासारखाच. ओल्या फरशा, हिरव्या जुड्या, आल्याचे ढीग, टपांत जिवंत मासे. पत्र्याचे फाटक पहाटे चारला उघडते. फाटकाजवळ पालेभाजी विकणाऱ्या एका वयस्क बाईला दुभाषींनी विचारले. ती पोरीकडे बघत राहिली, मग तिने सांगितले की पूर्वी येथे मुले सापडत. आणली तर पहाटे चारच्या आधी आणत, म्हणजे माल घेऊन येणारी पहिली बाई त्यांना बघते. फार वेळ थंडीत राहू नये म्हणून.

आम्ही आजवर 'टाकून दिलेले मूल' हा शब्द ऐकला होता. तो शब्द तेथे आम्हाला खोटा वाटला. ज्या कोणी तिला आणले त्याने फाटक उघडायची वेळ माहीत करून घेतली होती. १९८० च्या सुमारास चीनने एकच मूल हा कायदा कडक केला. खेड्यांत पुष्कळ ठिकाणी पहिली मुलगी असेल तर दुसऱ्याची सवलत होती. दंड इतका की घर विकावे लागे. म्हातारपणी सांभाळणार मुलगा, मुलगी जाणार परक्या घरी, ही समजूत तिकडेही तीच. त्यात मूल व्यंग घेऊन आले, आणि ऑपरेशनला पैसा नाही. कोणी कोणत्या कारणाने सोडले आम्हाला ठाऊक नाही. पण दगडाच्या काळजाने सोडले असे म्हणायला आमची जीभ आता उचलत नाही.

दुभाषी बाई परतताना म्हणाल्या, "मी घरातली दुसरी मुलगी. वडिलांनी दंड भरला, म्हणून मी आहे." एवढेच बोलल्या.

लेक मात्र टपाशी उकिडवी बसली होती. माशाने शेपटी मारली, पाणी तिच्या तोंडावर उडाले आणि ती खळखळून हसली. आम्ही तिचे हसणे तेव्हा पहिल्यांदा ऐकले. भाजीवालीने हिरव्या पाल्याची एक जुडी तिच्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत.

कागदावरचे आणि कागदाबाहेरचे

आता कडू भागही सांगितला पाहिजे. प्रत्येक परदेशी कुटुंब अनाथालयाला हजारो युआनची ठरलेली देणगी देत असे. जेथे पैसा येतो तेथे दलालही येतात. २००५ साली शेजारच्या हुनान प्रांतात अनाथालयांना मुले विकणारी टोळी पकडली गेली. ती मुले याच क्वांगतुंग प्रांतातून नेलेली होती. २००६ साली शिक्षा झाल्या. २०११ साली चिनी पत्रकारांनी उघड केले की हुनानच्या एका तालुक्यात कुटुंब नियोजनाच्या अधिकाऱ्यांनी दंड न भरणाऱ्या घरांतून मुले उचलून नेली होती. म्हणजे कागदावर 'सापडले' असे लिहिलेले प्रत्येक मूल खरोखर सोडलेलेच होते असे नाही.

आमच्या लेकीचा कागद खरा असावा असे त्या बाजारातून आम्हाला वाटले. पण खात्रीने कोण सांगणार? कोठेतरी एखादी बाई दर डिसेंबरात बोटे मोजत असेल. तिला कळायला हवे की पोरीच्या टाळूचे ऑपरेशन झाले, पोर स्पष्ट बोलते, गाते. हे ओझे प्रेमाने हलके होत नाही. ते घेऊनच प्रेम करायचे असते.

चीनने २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांना परवानगी दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये, नात्यातले आणि सावत्र मूल वगळता, परदेशी दत्तक कायमचे बंद केले. लाल सोफ्यावरची रांग आता भरणार नाही. आमची लेक आज एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते. घरी मराठी बोलते, रागावली की इंग्रजी. तिने आपली लाळ तपासायला देऊन जनुकांच्या नोंदवहीत नाव घातले आहे. चीनमध्ये कोणी आई-बाप शोधत असतील तर जुळावे म्हणून. तिने आधी विचारले, "तुम्हाला वाईट वाटेल का?" आम्ही म्हटले, "जुळले तर त्यांना पहिला फोन आपण तिघे मिळून करू." अजून जुळलेले नाही.

आपल्या घरांसाठी दोन शब्द

मुलीला नको म्हणणे हा केवळ चीनचा रोग नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली ८९४ च होत्या. तिकडे फाटकाशी ठेवल्या, इकडे जन्मूच दिल्या नाहीत. आपली वस्ती यातून सुटलेली आहे असे छातीठोकपणे म्हणता येईल का, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

ज्यांच्या घरी मूल नाही, आणि ज्यांच्या घरी आहे पण आणखी एकाला जागा आहे, त्यांनी दत्तकाचा विचार जरूर करावा. मात्र दवाखान्यातून, ओळखीच्या बाईकडून, पैसे मोजून परस्पर मूल आणू नये. त्यामागे कोणा आईची फसवणूक असू शकते. अनाथ किंवा सोडलेल्या मुलाचे दत्तक 'कारा' या केंद्र सरकारच्या प्राधिकरणात नोंदणी करूनच होते. रांग लांब असते, धीर धरावा. आणि मूल घरी आल्यावर त्याच्यापासून त्याची गोष्ट लपवू नये. शेजारणीकडून कळण्याआधी आपल्या मांडीवर कळलेली बरी. लहानपणी लहान शब्दांत सांगावी, मोठेपणी मोठ्या. जेवढे ठाऊक तेवढेच सांगावे, आणि ठाऊक नाही तेही तसेच सांगावे.

आमच्या लेकीला आम्ही पाचव्या वर्षी भाजीबाजाराच्या फाटकाचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मग ते फाटक कोणी उघडलं?" आम्ही म्हटले, पहाटे भाजी घेऊन आलेल्या कोणा बाईने. ती म्हणाली, "ती पण माझीच."